फ्रेडरिक बँटिंग : इन्सुलिनचे दान आणि अपुरे राहिलेले काम

नवी दिल्ली, १४ नोव्हेंबर : जगभर आज मधुमेह दिन पाळला जात आहे. या दिनासाठी १४ नोव्हेंबर ही तारीख निवडली गेली ती एका माणसाच्या जन्मामुळे. १८९१ मध्ये याच दिवशी कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, ॲलिस्टन गावाजवळच्या एका शेतावर फ्रेडरिक ग्रँट बँटिंग यांचा जन्म झाला. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे १९२२ मध्ये इन्सुलिन प्रथमच रुग्णापर्यंत पोहोचले. आज रक्तशर्करेचा अंदाज घेऊन इन्सुलिनचे प्रमाण आपोआप कमी-अधिक करणारी यंत्रे उपलब्ध आहेत आणि कृत्रिम स्वादुपिंड या नावाने त्यांचा गौरव होतो आहे. या यंत्रांकडून किती अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न नवा वाटला तरी त्याचे मूळ बँटिंग यांच्याच काळात आहे. उपचार आणि रोगमुक्ती यांतील अंतर त्यांनी कधीही नजरेआड होऊ दिले नाही.

बँटिंग हे शेतकरी कुटुंबातील पाच भावंडांत सर्वांत धाकटे. अभ्यासात ते फारसे चमकले नाहीत. १९१० मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या व्हिक्टोरिया महाविद्यालयात त्यांनी कला शाखेत प्रवेश घेतला, पण पहिल्याच वर्षी ते अनुत्तीर्ण झाले. १९१२ मध्ये ते वैद्यकशास्त्राकडे वळले. पहिले महायुद्ध सुरू असल्याने अभ्यासक्रम आटोपता घेण्यात आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये पदवी मिळताच ते सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. १९१८ मध्ये फ्रान्समधील कांब्रे येथील लढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा उजवा हात जखमी झाला. त्या अवस्थेतही ते जखमी सैनिकांवर उपचार करीत राहिले. या धैर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे पदक देण्यात आले.

युद्धानंतर त्यांनी टोरांटोच्या बालरुग्णालयात शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतले, परंतु तेथे कायमची जागा मिळाली नाही. १९२० च्या जुलैमध्ये त्यांनी ऑन्टारियोतील लंडन या शहरात दवाखाना थाटला. पहिल्या महिन्याची मिळकत अवघी ४ डॉलर झाली. खर्च भागवण्यासाठी त्यांनी तेथील विद्यापीठात अध्यापनाचे काम पत्करले. ३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री ते एका व्याख्यानाची तयारी करीत होते. विषय होता शरीरातील पिष्टमय पदार्थांचे चयापचय. त्यांचे या विषयातील ज्ञान बेताचेच होते.

स्वादुपिंड आणि मधुमेह यांचा संबंध तोवर प्रस्थापित झाला होता. जर्मन शास्त्रज्ञ पॉल लँगरहॅन्स यांनी १८६९ मध्ये स्वादुपिंडातील पेशींच्या वेगळ्या पुंजक्यांचे वर्णन केले होते. १८८९ मध्ये ओस्कार मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यास त्याला तीव्र मधुमेह होतो, हे दाखवून दिले होते. त्या पुंजक्यांतून साखरेचे नियमन करणारा स्राव निघत असावा, असा तर्क मांडला जात होता. तो स्राव वेगळा काढण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. रुमानियाचे निकोलाय पाउलेस्कु त्यांपैकी प्रमुख. स्वादुपिंडाच्या अर्कामुळे कुत्र्यांची रक्तशर्करा उतरते, हे त्यांनी १९२१ मध्येच प्रसिद्ध केले. मात्र माणसाला निर्धोकपणे देता येईल असा अर्क कोणाच्याही हाती लागला नव्हता.

त्या रात्री बँटिंग यांच्या वाचनात एक लेख आला. स्वादुपिंडाची नलिका खड्यामुळे बंद झाली असता पाचक रस तयार करणाऱ्या पेशी झडून जातात, पण लँगरहॅन्सचे पुंजके शाबूत राहतात, असे त्यात म्हटले होते. कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नलिका बांधून ठेवावी, पाचक पेशी नष्ट झाल्यावर उरलेल्या भागातून अर्क काढावा, असा विचार त्यांच्या मनात आला. मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांनी तो वहीत टिपून ठेवला. ते टिपण जेमतेम पंचवीस शब्दांचे आहे आणि त्यात मधुमेहाचे इंग्रजी स्पेलिंगही चुकलेले आहे.

ही कल्पना घेऊन ते टोरांटो विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांच्याकडे गेले. मॅक्लाउड यांना फारशी खात्री वाटली नाही, तरी त्यांनी उन्हाळ्यापुरती प्रयोगशाळा, काही कुत्रे आणि एक विद्यार्थी-साहाय्यक देऊ केला. दोन विद्यार्थ्यांपैकी आधी कोण काम करणार, हे नाणे उडवून ठरले आणि बावीस वर्षांचे चार्ल्स बेस्ट बँटिंग यांच्या वाट्याला आले. १७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. उकाडा, अपुरी साधने आणि फसणाऱ्या शस्त्रक्रिया यांतून वाट काढत जुलैअखेर त्यांनी अर्क टोचला आणि मधुमेही कुत्र्याची साखर उतरलेली पाहिली. नलिका बांधण्याची मूळ कल्पना मात्र पुढे अनावश्यक ठरली. कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या स्वादुपिंडापासून अल्कोहोलच्या साहाय्याने अर्क काढता येतो, हे हिवाळ्यापर्यंत स्पष्ट झाले.

डिसेंबरमध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप या चमूत आले. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो जनरल रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला बँटिंग व बेस्ट यांनी तयार केलेला अर्क टोचण्यात आला. मुलाचे वजन सुमारे २९ किलो उरले होते. साखर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध असल्याने सुई टोचली तेथे गळू झाले आणि उपचार थांबवावे लागले. पुढील बारा दिवसांत कॉलिप यांनी शुद्धीकरणाची पद्धत शोधली. २३ जानेवारीला नवा अर्क दिल्यावर लिओनार्डची रक्तशर्करा एका दिवसात ५२० मिलिग्रॅमवरून १२० वर आली. हा मुलगा पुढे १३ वर्षे जगला.

या यशाच्या आड चौघांमधील कडवटपणा वाढत होता. कॉलिप आपली पद्धत सांगायला राजी नव्हते आणि बँटिंग यांच्याशी त्यांचा वाद हातघाईपर्यंत पोहोचला. मॅक्लाउड आपले श्रेय लाटतात, अशी बँटिंग यांची आयुष्यभराची समजूत होती. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना जाहीर झाले तेव्हा बँटिंग संतापले आणि आपल्या वाट्याची निम्मी रक्कम त्यांनी बेस्ट यांना दिली. मॅक्लाउड यांनीही आपला वाटा कॉलिप यांच्याशी वाटून घेतला. बँटिंग तेव्हा ३२ वर्षांचे होते. वैद्यकशास्त्राचे नोबेल इतक्या लहान वयात आजवर दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाही. एका कल्पनेपासून औषधापर्यंतचा प्रवास एकट्याचा नसतो, हे या वादातूनच सर्वांत स्पष्टपणे दिसते.

एका बाबतीत मात्र ते एकत्र होते. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. जीव वाचवणाऱ्या औषधातून वैद्याने नफा कमावणे बँटिंग यांना व्यवसायधर्माशी विसंगत वाटत होते. दुसऱ्या कोणी पेटंट घेऊन मक्तेदारी निर्माण करू नये आणि औषधाच्या दर्जावर देखरेख राहावी, हा या व्यवहाराचा हेतू होता. मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणे प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेर होते. १९२२ च्या वसंतात तर शुद्ध अर्क बनवण्याची हातोटीच काही काळ हरवली. अखेर अमेरिकेतील एली लिली कंपनीच्या सहकार्याने उत्पादन मार्गी लागले.

इन्सुलिनपूर्वी मधुमेही मुलांपुढे उपासमारीचा आहार एवढाच उपाय होता. त्याने मृत्यू टळत नसे, केवळ लांबत असे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ हिने अशी तीन वर्षे काढली होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती बँटिंग यांच्याकडे आली तेव्हा तिचे वय १५ च्या आसपास आणि वजन सुमारे २० किलो होते. इन्सुलिन सुरू होताच तिचा आहार वाढला, अंगावर मांस चढले आणि पुढे ती १९८१ पर्यंत जगली. अशा रुग्णांच्या बातम्या वृत्तपत्रांनी चमत्कार म्हणून छापल्या.

बँटिंग यांनी चमत्काराची भाषा स्वीकारली नाही. १९२५ मध्ये स्टॉकहोम येथे दिलेल्या नोबेल व्याख्यानात त्यांनी स्पष्ट केले की इन्सुलिन हा मधुमेहावरील उपचार आहे, तो रोग बरा करत नाही. या भूमिकेला अनुभवाचा आधार होता. कॉलिप यांनी सशांना अर्क टोचला तेव्हा साखर फार उतरल्याने ससे आचके देऊ लागत आणि ग्लुकोज देताच सावरत. इन्सुलिनची मात्राही सुरुवातीला सशांवरील परिणामावरूनच मोजली जात असे. जे औषध जीव वाचवते तेच मात्रा चुकल्यास जीव घेऊ शकते, हे पहिल्याच वर्षी कळून चुकले होते. बँटिंग यांचे वर्गमित्र आणि स्वतः मधुमेही असलेले डॉ. जो गिलख्रिस्ट यांनी नव्या अर्काचे अनेक प्रयोग स्वतःवर करून घेतले ते याच कारणासाठी.

निरोगी स्वादुपिंड रक्तातील साखर अखंड जोखत असते आणि क्षणाक्षणाला लागेल तेवढेच इन्सुलिन सोडते. बँटिंग यांनी रुग्णाला इन्सुलिन मिळवून दिले, पण हे जोखण्याचे काम रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या अंगावर आले. किती खायचे, किती टोचायचे, केव्हा टोचायचे, व्यायाम किंवा ताप आला तर काय बदलायचे, हा हिशेब दिवसरात्र करणे हेच मधुमेही माणसाचे जीवन झाले. त्यातच रुग्ण दीर्घकाळ जगू लागल्यावर डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांवरील मधुमेहाचे दूरगामी दुष्परिणाम समोर आले.

हे प्रश्न सुटलेले पाहणे बँटिंग यांच्या नशिबी नव्हते. कॅनडाच्या संसदेने त्यांना तहहयात वार्षिक मानधन दिले, १९३४ मध्ये सर ही पदवी मिळाली आणि त्यांच्या नावाने संशोधन संस्था उभी राहिली. पण इन्सुलिनसारखे यश त्यांना पुन्हा लाभले नाही. कर्करोगावरील त्यांचे संशोधन फळाला आले नाही. पहिला विवाह १९३२ मध्ये घटस्फोटाने संपला. १९३७ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. प्रसिद्धीचा जाच विसरण्यासाठी ते चित्रकलेकडे वळले. चित्रकार ए. वाय. जॅक्सन यांच्याबरोबर १९२७ मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवीय प्रदेशाचा प्रवास करून निसर्गचित्रे रंगवली. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिकांच्या आरोग्यविषयक संशोधनात गुंतले. फेब्रुवारी १९४१ मध्ये इंग्लंडकडे निघालेले त्यांचे विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळले आणि २१ फेब्रुवारीला वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

रुग्णावर पडलेला हिशेबाचा भार हलका करण्याचे प्रयत्न त्यांच्या हयातीतच सुरू झाले होते. डेन्मार्कमध्ये हॅगेडॉर्न यांनी १९३० च्या दशकात सावकाश काम करणारे इन्सुलिन तयार केले. १९६० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. अरनॉल्ड कॅडिश यांनी साखर मोजून आपोआप इन्सुलिन देणारे यंत्र बनवले. ते पाठीवर घ्यायच्या मोठ्या पिशवीएवढे होते. १९७० च्या दशकात रुग्णालयातील खाटेशेजारी ठेवायची अवजड यंत्रे आली, तसेच त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडणारे छोटे पंपही आले. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर नियंत्रणात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतूंचे विकार खूप कमी होतात, हे त्याने सिद्ध केले. पण अशा नियंत्रणात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. सशांनी दाखवलेला धोका सत्तर वर्षांनंतरही तसाच उभा होता.

स्वयंचलित इन्सुलिन यंत्रणेचे महत्त्व या पेचात आहे. तिचे तीन भाग असतात. त्वचेखालील सेन्सर दर काही मिनिटांनी ग्लुकोजची पातळी कळवतो, अल्गोरिदम पुढील कल ताडतो आणि पंप त्यानुसार इन्सुलिन वाढवतो, कमी करतो किंवा थांबवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या यंत्रणेला सप्टेंबर २०१६ मध्ये मान्यता दिली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६८ रुग्णांवरील सहा महिन्यांच्या चाचणीत, यंत्रणा वापरणाऱ्यांची साखर योग्य मर्यादेत राहण्याचा काळ ६१ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेला. सेन्सर व पंप असूनही त्यांची स्वयंचलित जोडणी नसलेल्यांचा तो ५९ टक्क्यांवरच राहिला. हा फरक दिवसाला अडीच तासांहून अधिक भरतो. सर्वाधिक लाभ रात्री दिसतो. लहान मुलाची साखर तपासण्यासाठी मध्यरात्री उठणाऱ्या आईवडिलांना यातून मिळणारी झोप कोणत्याही टक्केवारीत मावणारी नाही.

तरीही हे यंत्र स्वादुपिंड नव्हे. सेन्सर रक्तातील नव्हे, तर पेशींमधील द्रवातील ग्लुकोज मोजतो, त्यामुळे त्याचे मोजमाप काही मिनिटे मागे असते. स्वादुपिंडातील इन्सुलिन थेट यकृताकडे जाते. पंपातील इन्सुलिन त्वचेखालून हळूहळू शोषले जाते. जेवणानंतर साखर ज्या वेगाने चढते त्या वेगाने ते काम करू शकत नाही. म्हणूनच बहुतेक यंत्रणांत वापरणाऱ्याने जेवणाआधी पिष्टमय पदार्थांचा अंदाज स्वतः भरावा लागतो. अचानक केलेल्या व्यायामाची पूर्वकल्पना यंत्राला नसते आणि एकदा शरीरात गेलेले इन्सुलिन परत घेता येत नाही. पंपात केवळ जलद काम करणारे इन्सुलिन असते, त्यामुळे नळी दुमडली किंवा निसटली तर काही तासांतच रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर धोका उद्भवतो. यंत्र वापरणाऱ्यालाही सुई, पेन आणि हिशेब विसरून चालत नाही.

दुसरी मर्यादा पैशाची आहे. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेने टाइप १ मधुमेहाच्या पात्र रुग्णांना ही यंत्रणा देण्याचा पाच वर्षांचा कार्यक्रम एप्रिल २०२४ मध्ये सुरू केला. भारतात यंत्राची किंमत काही लाखांच्या घरात जाते आणि सेन्सर व नळ्या यांचा खर्च दरमहा सुरूच राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. यांतील बहुसंख्यांना टाइप २ मधुमेह आहे आणि अनेकांना इन्सुलिनची गरजही नाही. परंतु टाइप १ असलेल्या मुलाला इन्सुलिनविना जगता येत नाही. शीतकपाट नसलेल्या घरांत आजही इन्सुलिनची कुपी मातीच्या मडक्यात गार ठेवली जाते. अशा घरासाठी नियमित इन्सुलिन, साखर मोजण्याच्या पट्ट्या आणि मात्रा समजावून सांगणारा जाणकार यांची निकड यंत्राच्याही आधीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली तेव्हापासून इन्सुलिन तिच्यात आहे. ते प्रत्येकापर्यंत पोहोचलेले मात्र नाही.

एका डॉलरच्या त्या व्यवहाराचा अर्थ येथे नव्याने लागतो. शोध लागणे आणि तो गरजवंताच्या हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बँटिंग यांनी ओळखले होते. औषधाच्या मर्यादा सांगितल्याने त्याचे मोल घटत नाही, हेही त्यांच्या नोबेल व्याख्यानाने दाखवून दिले. स्वयंचलित यंत्रणेला हीच दोन मापे लावावी लागतील. ती भार किती हलका करते, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे आणि कोणता भार कोणाच्या खांद्यावर उरतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

ऑन्टारियोतील लंडन शहरात ज्या घरात बँटिंग यांनी ते टिपण लिहिले, तेथे आता संग्रहालय आहे. त्याच्या आवारात १९८९ मध्ये एक ज्योत प्रज्वलित करण्यात आली. मधुमेह पूर्णपणे बरा करणारा उपाय सापडेल त्या दिवशी ती विझवायची, असा संकल्प आहे. ती ज्योत अजून तेवत आहे.